झाकण उघडण्याचा हक्क : डेस्कटॉप संगणकाच्या दुरुस्तीचा इतिहास

१२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात आयबीएम कंपनीने एक फिकट रंगाची पेटी जगापुढे ठेवली. तिचा क्रमांक ५१५०, नाव ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आणि सर्वांत साध्या स्वरूपातील किंमत १,५६५ डॉलर. या पेटीची कथा बहुधा मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या भाग्योदयाची कथा म्हणून सांगितली जाते. हा धागा तिच्या झाकणाविषयी आहे. ते झाकण कोणी उघडायचे, आत काय चुकले हे कोणी शोधायचे आणि ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या दिवसानंतर पुन्हा पूर्वीसारखा राहिला नाही.

त्याआधीची स्थिती पाहिल्यावाचून या बदलाचे मोल कळत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर आयबीएम आपली यंत्रे विकत नसे, भाड्याने देत असे. यंत्र ग्राहकाच्या कचेरीत, पण मालकी कंपनीची. त्यामुळे बिघाड झाला की कंपनीचाच अभियंता हत्यारांची पेटी घेऊन येई. ग्राहकाने झाकणाला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकी सरकारने भरलेल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात जानेवारी १९५६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. यंत्रे विकतही द्यावीत, आणि बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग व माहिती पुरवावी, असे बंधन कंपनीवर आले. दुरुस्तीची मक्तेदारी ही सत्तेची बाब आहे हे न्यायालयाने इतक्या लवकर ओळखले होते.

हाच प्रश्न भारतात वेगळ्या वाटेने आला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतीय शाखेतील आपला हिस्सा कमी करावा, असा सरकारचा आग्रह होता. आयबीएमने तो मानला नाही आणि १९७८ मध्ये कंपनीने भारतातील कारभार आवरला. यंत्रे मात्र येथेच राहिली. ती चालू कोण ठेवणार? त्यासाठी १९७५ च्या अखेरीस स्थापन झालेली सरकारी संस्था तयार होती. तिचे नावच ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ होते. पुढे ती सीएमसी या आद्याक्षरांनी ओळखली गेली. संगणक बनवण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याने बनवलेले संगणक जिवंत ठेवण्यासाठी एका देशाने संस्था उभी करावी, ही घटना आपल्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात जितकी ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही.

आता पुन्हा ५१५० कडे. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे एका लहान गटाला हे यंत्र जेमतेम वर्षभरात उभे करायचे होते. प्रारंभी बिल लो आणि नंतर डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालील या गटाजवळ प्रत्येक भाग घरीच घडवण्याइतका वेळ नव्हता. म्हणून प्रोसेसर इंटेलचा, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचा आणि छपाईयंत्र एप्सनचे असा बाजारातला माल गोळा करण्यात आला. ॲपल कंपनीच्या १९७७ च्या ‘ॲपल टू’ यंत्राचे झाकण हाताने निघत असे आणि आत आठ स्लॉट होते. तो धडाही समोर होता. ५१५० मध्ये पाच स्लॉट ठेवण्यात आले. आणि मग कंपनीने एक पुस्तक छापले. ‘टेक्निकल रेफरन्स’ नावाच्या त्या ग्रंथात मदरबोर्डचे विद्युत्-आराखडे होतेच, शिवाय यंत्र चालू होताक्षणी धावणाऱ्या मूळ प्रणालीची, म्हणजे बायोसची, ओळ न् ओळ छापलेली होती. इतरांनी या यंत्रासाठी कार्डे आणि कार्यक्रम बनवावेत हा त्यामागचा हेतू. पण परिणाम त्याहून मोठा झाला. यंत्राच्या पोटातले सारे विकत घेणाऱ्याला वाचता येऊ लागले.

वाचता येणे भागही होते. कारण ५१५० ला स्वतःच्या अंगात काय बसवले आहे, हे पुरते ओळखता येत नसे. ते मालकानेच सांगावे लागे. झाकण काढले की मदरबोर्डवर प्रत्येकी आठ बारीक खटक्यांच्या दोन ओळी दिसत. फ्लॉपी ड्राइव्ह किती, पडदा रंगीत की एकरंगी, मेमरी किती, या प्रश्नांची उत्तरे पेनाच्या टोकाने ते खटके वरखाली करून द्यायची. नवीन मेमरीचे कार्ड बसवून खटका बदलायला विसरले, तर ती मेमरी यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसे. आज ‘सेटअप’ म्हणताना पडद्यावरचा निळा तक्ता आठवतो. त्याचा पूर्वज म्हणजे हे सोळा खटके.

यानंतर यंत्र स्वतःची तपासणी करी. हिला ‘पोस्ट’ म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, कळफलक, ड्राइव्ह अशी एकेक हजेरी घेऊन सगळे ठीक असेल तर एकच लहान बीप. एक लांब आणि दोन लहान बीप आल्या तर चित्र दाखवणाऱ्या कार्डात बिघाड. पडदाच बंद असताना यंत्राने आपले दुखणे सांगायचे कसे, या प्रश्नाला हे साधे उत्तर होते. पडदा चालू असेल तर आकडे येत : २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कळफलक, ६०१ म्हणजे फ्लॉपी.

यांतील २०१ चा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. मदरबोर्डवर मेमरीच्या चिप नऊ-नऊच्या चार रांगांत बसत. आठ चिप माहितीसाठी, नववी पडताळ्यासाठी. पहिली रांग डाख देऊन पक्की केलेली, उरलेल्या तीन खोबणीत बसवलेल्या. २०१ च्या आधी येणाऱ्या अंकांचा अर्थ पुस्तिकेतून लावला की छत्तिसांपैकी नेमकी कोणती चिप निकामी झाली आहे ते कळे. ती खोबणीतून उपसायची, नवी दाबून बसवायची, काम झाले. संपूर्ण बोर्ड फेकण्याची गरज नाही. बऱ्याचदा चिप खराबही नसे. यंत्र तापते, निवते. त्या आकुंचन-प्रसरणात चिप हळूहळू खोबणीतून वर सरकते. अशा वेळी उपाय एकच : यंत्र बंद करून प्रत्येक चिप अंगठ्याने खाली दाबायची. अनेक ‘मेलेली’ यंत्रे एवढ्याने उठून बसली आहेत.

कळफलकाच्या ३०१ ची एक गंमत पुढच्या पिढीत झाली. १९८४ च्या ‘एटी’ यंत्रात कोणतीही चूक आढळली की पुढे जाण्यासाठी एफ-वन कळ दाबा, अशी सूचना येई. कळफलक सापडत नाही अशी चूक असली, तरीही तीच सूचना! ही संगणकाची मूर्खता म्हणून पुढे अनेक वर्षे विनोदाचा विषय झाली. खरे तर ती सर्व चुकांसाठीची एकच ठरावीक ओळ होती. आणि सैल झालेली वायर पुन्हा खोचून एफ-वन दाबली की कित्येकदा काम भागतही असे.

बायोस लिहिणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली यांनी आणखी एक सोय करून ठेवली. काम करताना यंत्र वारंवार अडके. वीज तोडून पुन्हा चालू करायचे तर मेमरीची सारी तपासणी पहिल्यापासून. म्हणून कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्या की यंत्र मेमरीत एक खूण ठेवी आणि ती पाहून लांबलचक तपासणी टाळून नव्याने सुरू होई. त्या कळफलकावर डिलीट उजवीकडे टोकाला, बाकीच्या दोन डावीकडे. चुकून एका हाताने दाबल्या जाऊ नयेत हा उद्देश. ही अभियंत्यांनी स्वतःसाठी केलेली आडवाट होती, ग्राहकांसाठी नव्हे. पण जगातील बहुसंख्य लोकांना संगणक-दुरुस्तीची हीच एक विद्या अवगत झाली.

याच काळात अगदी उलट विचारही जन्माला आला. २४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलने ‘मॅकिंटॉश’ आणला. त्यात कार्डांचे स्लॉट नव्हते. पेटी बंद करणारे स्क्रू चांदणीच्या आकाराचे आणि त्यांतले काही खोल भोकात बसवलेले. घरातल्या साध्या पेचकसाने ती उघडणार नाही याची पूर्ण दक्षता. पेटीच्या आतल्या बाजूला मात्र ते यंत्र घडवणाऱ्या मंडळींच्या सह्या कोरलेल्या होत्या. ज्याला त्या कधी दिसू नयेत अशी योजना होती त्या मालकाच्या वस्तूत त्या सह्या असाव्यात, यात कलावंताचा अभिमान आहे आणि मालकाविषयीचा अविश्वासही.

आयबीएमच्या उघड्या पेटीची पुढली वाट मात्र आयबीएमच्या हातात राहिली नाही. भाग बाजारात मिळत होते, आराखडा छापलेला होता. अडसर एकच, बायोसवरचा लेखनहक्क. तो जसाच्या तसा उतरवला की चोरी. १९८२ मध्ये ह्यूस्टन येथे रॉड कॅनियन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या कॉम्पॅक कंपनीने यावर तोड काढली. एका गटाने आयबीएमची छापील प्रत वाचून ती काय काय करते याचे टिपण केले. दुसऱ्या गटाने, ज्याने ती प्रत डोळ्यांनीही पाहिलेली नव्हती, केवळ त्या टिपणावरून नवा बायोस लिहिला. विक्रीच्या पहिल्या वर्षात कॉम्पॅकची उलाढाल ११ कोटी १० लाख डॉलरवर गेली. १९८४ मध्ये फीनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने अशाच रीतीने घडवलेला बायोस कोणालाही परवान्याने द्यायला आरंभ केला, आणि मग ‘आयबीएम-सुसंगत’ यंत्रांना पूर आला.

येथे दुरुस्तीच्या इतिहासाला एक वळण मिळते, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. बोर्ड एकाचा, कार्ड दुसऱ्याचे, ड्राइव्ह तिसऱ्याचा. बिघाड झाला तर दार कोणाचे ठोठवायचे? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही मालकाच्या गळ्यात पडली. आठवड्याच्या सुटीत पेचकस घेऊन बसलेला हौशी माणूस ही नवी सामाजिक व्यक्तिरेखा या परिस्थितीतून निर्माण झाली.

त्याच्यापुढची कोडी कमी नव्हती. ‘एटी’मध्ये खटक्यांची बरीचशी माहिती बॅटरीवर टिकणाऱ्या ६४ बाइटच्या मेमरीत गेली. फार सोयीचे झाले. पण बॅटरी संपली की यंत्र आपली हार्डडिस्क कोणत्या प्रकारची हेच विसरे. पडद्यावर १६१ हा आकडा, आणि डिस्कमधले सर्व काही शाबूत असूनही यंत्र सुरू होईना. जाणती मंडळी म्हणून डिस्कचा ‘टाइप नंबर’ कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पेटीच्या आत चिकटवून ठेवीत.

वीजपुरवठ्याचे दुखणे याहून जीवघेणे. मदरबोर्डला वीज देणारे दोन जोड, पी-आठ आणि पी-नऊ, शेजारी शेजारी बसत आणि दिसायला जवळपास सारखे. अदलाबदल झाली तर बोर्ड जळण्याची शक्यता. जगभरच्या कारागिरांनी त्यावर एकच सूत्र पाठ केले होते : काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून. १९९५ मध्ये इंटेलच्या ‘एटीएक्स’ रचनेत उलटा बसूच शकणार नाही असा एकसंध जोड आला आणि हे सूत्र निरुपयोगी झाले.

सर्वांत चिवट कोडे होते ‘आयआरक्यू’चे. कळफलक, माउस, मोडेम यांना प्रोसेसरचे लक्ष वेधायचे तर ठरलेल्या तारेवरून हाक घालावी लागे. ५१५० मध्ये अशा आठ तारा, ‘एटी’पासून वापरण्याजोग्या पंधरा, आणि त्यांतल्या बऱ्याच आधीच वाटल्या गेलेल्या. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली की हजेरीला जे होते, तेच दोन कार्डांनी एक तार धरली की होई. पहिल्या आणि तिसऱ्या सिरियल जोडाला मुळातच चौथी तार सामाईक होती. त्यामुळे माउस एकावर आणि मोडेम तिसऱ्यावर लावला, तर मोडेमने फोन फिरवायला घेताच माउस जागीच थिजे. दोष माउसचा नाही, मोडेमचाही नाही. दोष त्यांच्या शेजाराचा. हे उमगायला कित्येकांच्या रात्री गेल्या असतील. उपाय म्हणजे कार्ड बाहेर काढून त्यावरचा तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा जंपर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसवणे, पुन्हा सगळे जोडणे आणि पाहणे. नाही जमले तर पुन्हा.

एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने यावर खरोखरच चांगले उत्तर आणले होते, हे मान्य केले पाहिजे. ‘पीएस-टू’ मालिकेतील वरच्या यंत्रांत ‘मायक्रो चॅनल’ ही नवी रचना होती. प्रत्येक कार्डाला स्वतःचा ओळखक्रमांक. जंपर नाहीत, खटके नाहीत. यंत्रासोबतची ‘रेफरन्स’ फ्लॉपी चालवली की तारांची वाटणी यंत्रच करी. मॉडेल ५० ची पेटी तर पेचकसाविना, नुसत्या बोटांनी उघडे. मग ही रचना रुजली का नाही? कारण हे झाकण उघडे असले तरी आतला आराखडा आता बंद होता. मायक्रो चॅनल वापरायचे तर आयबीएमला परवान्याचे शुल्क द्या, आणि जुन्या रचनेच्या नकलांचीही बाकी चुकती करा, अशी अट. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःची वेगळी रचना जाहीर केली. कार्डाची फाइल असलेली फ्लॉपी हरवली की ‘पीएस-टू’चे चांगले कार्डही शोभेची वस्तू होई, हा आणखी एक जाच. बाजाराने सोयीचे बंद दार नाकारले आणि जंपरांचा त्रास पत्करला. ‘पीएस-टू’मधून टिकले ते कळफलक-माउसचे गोल जोड आणि व्हीजीए, कारण ती दोन्ही सर्वांनी उचलली.

जंपर गेले ते हळूहळू. १९९३ मध्ये ‘प्लग अँड प्ले’चे नियम ठरले, २४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विंडोज ९५’ आले. जुनी मुकी कार्डे आणि नवी बोलकी कार्डे एकाच पेटीत नांदताना जो गोंधळ होई, त्यामुळे या योजनेला ‘प्लग अँड प्रे’, म्हणजे जोडा आणि देवाचा धावा करा, असे टोपणनाव पडले. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर, भर व्यासपीठावर, ‘विंडोज ९८’ चालवणाऱ्या यंत्राला स्कॅनर जोडला गेला आणि पडदा निळा पडला. म्हणूनच हे अजून विक्रीला आलेले नाही, अशा अर्थाचे काही बोलून गेट्स यांनी हशा पिकवला. पुढच्याच वर्षाच्या मानकांनी जोडांना रंग दिले : कळफलक जांभळा, माउस हिरवा, मायक्रोफोन गुलाबी. चुकीच्या जागी खोचण्याचे निम्मे प्रकार त्या रंगांनी संपवले असावेत.

भारतात या साऱ्याला वेगळी चव आली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सुकर केली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा जुना बाजार. तेथे नव्वदच्या दशकात ‘असेंबल्ड’ संगणक हा शब्द घरोघरी पोचवणारी दुकाने उभी राहिली. कागदावर यादी करायची, चार दुकानांत भाव काढायचे आणि सगळे भाग एका पेटीत बसवून घ्यायचे. आयबीएमने १९८१ मध्ये घाईने घेतलेल्या निर्णयाचे फळ त्या गल्लीत हातगाडीवरून वाहून नेले जात होते.

येथल्या दुरुस्तीची विद्याही येथल्या हवेतून आली. विजेचा दाब वरखाली होई म्हणून स्टॅबिलायझर. धुळीसाठी संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायची शिस्त. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत देवळाबाहेर असावी तशी पादत्राणांची रांग लागे. बाहेरचा कोणी याला भाबडी भक्ती म्हणेल, पण पंख्याने ओढलेली धूळ आत साचली की यंत्र तापते, हे कारण पुरेसे ऐहिक आहे. आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दमट हवेने मेमरीच्या पट्टीवरील संपर्क मळले, यंत्र बीप-बीप करीत बसले, की कारागीर खिशातून खोडरबर काढी. पट्टीच्या सोनेरी कडेवरून तो हलक्या हाताने फिरवायचा, चुरा झटकायचा, पट्टी खटकन् बसेपर्यंत दाबायची. 

२००० नंतरच्या काही वर्षांत या उघड्या झाकणाची आणखी एक परीक्षा झाली. सदोष द्रावण भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर गेले होते. वर्ष-दोन वर्षांत त्यांची सपाट डोकी फुगत, फुटत आणि तपकिरी द्रव बाहेर येई. यंत्र आधी अधूनमधून बंद पडे, मग कायमचे. कोणतीही चाचणी हा दोष सांगत नव्हती. झाकण काढून डोळ्यांनी पाहणे एवढाच मार्ग. ज्यांनी पाहिले, त्यांतील अनेकांनी डाखणी हातात घेऊन काही रुपयांचे कपॅसिटर बदलले आणि हजारोंचा बोर्ड वाचवला. ज्यांच्या पेटीवर ‘सील तोडल्यास हमी रद्द’ अशी चिठ्ठी होती, ते थांबले.

आजच्या बहुतेक मदरबोर्डांसोबत बीपचा छोटा भोंगा येत नाही. हवा असेल तर वेगळा घ्यावा लागतो. त्याऐवजी अनेक बोर्डांवर एका कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, मेमरी, चित्र, डिस्क. ‘डीरॅम’ असे लिहिलेला दिवा विझायचे नाव घेईना, की लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर अजूनही वीज बंद करतो, मेमरीची पट्टी उपसतो आणि खोडरबर शोधू लागतो.